चुन्याची रेघ

मघा नक्षत्र कोरडं निघालं तेव्हा कोसमटोल्याची माणसं आधी आभाळाकडे पाहत आणि मग नदीकडे. आभाळात पांढरे ढग चरायला सोडल्यासारखे नुसते हिंडत होते. वैनगंगेच्या डोहात पाणी होतं, पण ते खाली होतं आणि धान वर होतं. त्या दोघांची गाठ घालून देणारी गावात एकच वस्तू होती, गुणवंतरावांचा ट्रॅक्टर.

गुणवंतरावांची मालगुजारी सरकारनं काढून घेतली, तरी लोकांच्या तोंडचं 'मालक' काही सरकारला काढता आलं नव्हतं. ट्रॅक्टर त्यांनी आणला होता नांगरटीसाठी. पहिल्याच पावसाळ्यात तो बांधीच्या, म्हणजे धानाच्या खाचराच्या, चिखलात पोटापर्यंत रुतला आणि गावातल्या साऱ्या बैलजोड्या लावून त्याला बाहेर काढावं लागलं. बैलांनी ट्रॅक्टर ओढला, ही गोष्ट लोक पुढं कितीतरी दिवस बाजारात सांगून हसत होते. तेव्हापासून पावसाळाभर तो नदीकाठच्या येनाच्या झाडाखाली उभा राही. त्याला चामडी पट्टा जोडून पाण्याची मशीन फिरवत. डोहातलं पाणी पाटात चढे, पाट मालकाच्या बांध्यांमधून वळणं घेत जाई, आणि सगळ्यांच्या शेवटी, पाट जिथं दमून बारीक होई, तिथं वारलूच्या बांध्या होत्या.

वारलू त्या ट्रॅक्टरचा ड्रायव्हर. आधी तो मालकाचा गाडीवान होता. ट्रॅक्टर शिकवायला नागपूरचा जो माणूस आला होता, त्यानं गावातल्या सगळ्यांना आळीपाळीनं त्या लोखंडी खुर्चीवर बसवून पाहिलं आणि वारलूला निवडलं, कारण घाबरून खाली उडी न मारणारा तो एकटाच निघाला. पगार बेताचाच होता. पण मालकाचं धान भिजलं की उरलेलं पाणी वारलूचं, असं ठरलं होतं, आणि वारलूच्या घराचा सगळा संसार त्या उरलेल्या पाण्यावर चालत होता.

ट्रॅक्टरपाशी राहायला हवं म्हणून तो आणि त्याची बायको मनकर्णा पावसाळ्यात नदीकाठी झोपडी घालून राहत. पोरगी लग्न होऊन सिंदेवाहीकडे गेलेली. बैलांकडे बघायला माणूस उरलं नाही म्हणून वारलूनं कोशा आणि मोहऱ्या ही आपली जोडी नाल्यापलीकडच्या पाड्यावरच्या लालसूला विकली. मनकर्णाला ते मुळीच पटलं नव्हतं. ती भांडली नाही, पण जोडी गेली त्या दिवशी तिनं दोन्ही दावी धुऊन वाळत घातली आणि झोपडीच्या आढ्याला टांगली. ती अजून तिथंच होती, आणि आत शिरताना वारलूच्या डोक्याला लागत.

तर त्या कोरड्या मघात, एका सकाळी, ट्रॅक्टर खोकला, त्यानं धुराचे दोन पांढरे गोळे सोडले आणि तो बंद पडला.

वारलूनं नळ्या सोडल्या, हवा काढली, हँडल मारून मारून बनियन पिळायची वेळ आली. शेवटी दोष सापडला. ट्रॅक्टरच्या कुशीला पाण्याच्या तांब्याएवढा एक लोखंडी पंप होता. डिझेल थेंबाथेंबानं मोजून, नेमक्या वेळेला आत फेकायचं काम त्याचं. मोहाची दारू गाळणारा माणूस जसा शेवटच्या थेंबावर नजर ठेवतो, तसा तो पंप डिझेलवर नजर ठेवून असे. आता त्याच्या आतल्या दांड्या अडकल्या होत्या. डिझेलचं बॅरल आषाढात उघड्यावर राहिलं होतं, त्यात पाणी शिरलं होतं. वारलू डिझेल मनकर्णाच्या जुन्या लुगड्यातून गाळून घेई, पण लुगडं कचरा अडवतं, पाणी कुठं अडवतं?

गुणवंतराव छत्री घेऊन नदीवर आले. ते वाईट माणूस नव्हते, पण आपल्यावर लोक हसतात असं ज्याला रात्रंदिवस वाटतं, तसला माणूस फार दिवस चांगला राहत नाही. सागाचे ओंडके ओढायला एक ठेकेदार हा ट्रॅक्टर मागत होता, हे गावाला ठाऊक होतं.

"नागपूरले घेऊन जा पंप," मालक म्हणाले. "नीट होऊन आला आन् चालू झाला, तं ठीक. नाई तं पोळा झाला का ठेकेदार येऊनच राह्यला. मी आता या लोखंडाले कटाळलो."

मालकाची घरं-वावरं तीन गावांत होती. त्यांचं इथलं धान गेलं असतं तर त्यांना वाईट वाटलं असतं. वारलूच्या बांध्यांत मात्र हलकं धान पोटरीत येत होतं आणि खालच्या मातीत करंगळी जाईल अशा भेगा पडल्या होत्या. ट्रॅक्टर गेला असता तर तिथं यंदा नुसतं वाळलेलं तणस उरलं असतं. मनकर्णा संध्याकाळी त्या बांध्यांच्या धुऱ्यावर, मातीच्या वरंब्यावर, जाऊन बसे आणि धानाच्या पात्यावरून हात फिरवी, तापलेल्या माणसाच्या अंगावरून फिरवावा तसा.

पंप खोलताना वारलूनं एक शहाणपण केलं. पंपाच्या नटांची भोकं लांबट होती. पंप त्यात थोडा अलीकडे, थोडा पलीकडे सरकू शकत होता, आणि जागा चुकली की डिझेल वेळेआधी नाहीतर वेळेनंतर आत जातं, हे शिकवणाऱ्यानं त्याला घोकून घेतलं होतं. म्हणून नट सैल करण्याआधी त्यानं तंबाखूच्या डबीतला चुना बोटावर घेतला आणि एक रेघ ओढली, अर्धी पंपावर आणि अर्धी इंजिनावर. परत बसवताना दोन्ही अर्ध्या जुळल्या की झालं. रेघ वाळली तेव्हा ती त्याला फार सुंदर वाटली. त्यानं मनकर्णाला बजावलं, की मी येईस्तोवर हँडलला कोणी हात लावायचा नाही. रेघेबद्दल तो काहीच बोलला नाही. एवढी पांढरी शुभ्र रेघ, ती काय सांगायला पाहिजे?

पंप मनकर्णाच्या धुतलेल्या लुगड्यात बांधला. नागभीडच्या स्टेशनापर्यंत लालसूची बैलबंडी ठरली होती. बंडी आली तेव्हा वारलू झोपडीतच रेंगाळला, कारण जुंपून कोण आले आहेत ते त्याला घंट्यांवरूनच कळलं होतं. तो बाहेर आला आणि कोशानं मान वळवून त्याच्या खांद्याला नाक लावलं. पूर्वी लावत असे तसंच, राग नाही, काही नाही. वारलूला वाटलं, यानं शिंग मारलं असतं तर बरं झालं असतं.

"बस भाऊ," लालसू म्हणाला. "तुहेच बैल हायेत. रस्ता त्याइले माईत हाय."

लालसू गोंड, कमी बोलणारा. कासरा त्यानं न विचारता वारलूच्या हातात दिला आणि स्वतः मागं गवतावर आडवा झाला. दिवसभर बंडी जंगलातून चालली. ऊन पानांतून खाली येईपर्यंत हिरवं होत होतं. चाकं वाळूत शिरली की आवाज बंद होई आणि आपण पाण्यावरून चाललोय असं वाटे. मांडीवर पंप होता, तो बैलांच्या चालीबरोबर हलत होता. वारलूच्या मनात आलं, की मांडीवर हे लोखंड आणि समोर ही दोन पाठमोरी जनावरं. आपण यांना देऊन ते घेतलं. मग ऊन वाढलं आणि ते मनात आलेलं विरून गेलं.

नागभीडची छोटी गाडी म्हणजे डब्यांना चाकं लावलेली झोपच. ती जंगलात थांबे, कोणी उतरून शेंगा तोडून परत चढे आणि मग ती निघे. शेजारच्या एका म्हातारीनं वारलूच्या मांडीवरच्या लुगड्याकडे बराच वेळ पाहिलं. लुगड्याला तेलाचे डाग पडले होते आणि त्यानं ते दोन्ही हातांनी धरलं होतं.

"कोन्ता देव हाय बापा?" तिनं विचारलं.

वारलू पेंगत होता. समजावून सांगायचं त्याच्या जिवावर आलं.

"पान्याचा," तो म्हणाला.

म्हातारीनं लगेच पदराची गाठ सोडली, मूठभर मुरमुरे काढून लुगड्यावर ठेवले आणि हात जोडले. डब्यातल्या आणखी दोन बायकांनीही डोकं टेकवलं. वारलूला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. त्यानंही नकळत हात जोडले आणि नागपूर येईस्तोवर ते मुरमुरे खाली पडू दिले नाहीत.

इकडे नदीवर पोळ्याची आदली संध्याकाळ आली.

खांदशेकणीची ती संध्याकाळ. गावाकडून घंट्यांचा आवाज नदीपर्यंत येत होता. घरोघरी बैलांना धुऊन आणलं होतं. वर्षभर जू वाहून दुखलेल्या त्यांच्या खांद्यांना हळद-तेल लावून, पळसाच्या कोमट पानानं शेकत होते आणि कानात उद्याच्या जेवणाचं आवतण देत होते. मनकर्णा लग्न होऊन आली त्या वर्षापासून दर पोळ्याला तिच्या हाताला हळद लागली होती. यंदा दारात बैल नव्हता. नवरा नव्हता. आढ्याला दोन दावी होती आणि येनाखाली तो लाल ट्रॅक्टर, कुशीतून पंप काढलेला, आजारी जनावरासारखा मुका उभा.

ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. त्याच्यावर तिचा राग होता, कारण तो आला आणि कोशा-मोहऱ्या गेले. पण रोज संध्याकाळी ती शेवटच्या बांधीच्या धुऱ्यावर बसे तेव्हा त्याचा आवाज दुरून, धानावरून, मंद होऊन तिच्याकडे येई. धक धक धक. आधी आवाज येई आणि मग पाणी येई. त्या आवाजावर ती चूल पेटवायला उठे. झोपेत तो आवाज तिच्या स्वप्नात शिरे आणि सगळीकडे पाणी होई. यानंही वर्षभर ओढलंच की, तिला वाटलं. बैलाला एक दिवस मिळतो, याला का नाही?

तिनं डोहातून घागरी आणल्या. ट्रॅक्टर राखेनं घासला. येनावर रोज बगळे बसत, त्यांची घाण बॉनेटवर, चाकांवर, सगळीकडे वाळली होती. ती तिनं नारळाच्या शेंडीनं खरवडून काढली. पंपाच्या जागेपाशी लोखंडावर एक पांढरा ओघळ होता, तोही तिनं घासला. मग त्याचा खांदा कुठं असेल याचा तिनं विचार केला. जिथं एवढं मोठं दुखणं झालं आणि एक अवयवच काढून न्यावा लागला, तिथंच खांदा असणार. मेणकापडानं बांधलेल्या त्या भोकाच्या भोवती तिनं वाटीतली हळद आणि तेल लावलं, पळसाचं पान विस्तवावर धरून हलक्या हातानं शेकलं आणि कोणी ऐकत नाही हे बघून म्हणाली:

"आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

तिला खूप बरं वाटलं. वर बगळे आपापसांत जागेवरून भांडत होते.

नागपूरच्या कारखान्यातला मिस्त्री म्हातारा होता, हातानं चलाख आणि तोंडानं त्याहून चलाख. त्यानं लुगड्याची गाठ सोडून पंप बाहेर काढला, मुरमुरे बघितले, वारलूकडे बघितलं आणि आजूबाजूच्या कारागिरांना बोलावून ते दाखवले. सगळे हसले. वारलूही थोडा हसला, कारण तिथं हसण्यावाचून त्याला करण्यासारखं काही नव्हतं. मग मिस्त्रीनं पंप रॉकेलच्या परातीत ठेवला आणि ब्रशनं घासायला लागला.

वारलू समोरच्या बाकावर बसला होता. दोन दिवसांची झोप डोळ्यांवर होती. परातीतल्या रॉकेलवर खिडकीतलं ऊन पडलं होतं आणि त्यात निळे-जांभळे रंग फिरत होते, डोहावर मोहाच्या तेलाचा थेंब पडला की फिरतात तसे. तो त्या रंगांकडे बघत राहिला. ब्रश फिरला आणि चुन्याच्या रेघेचं एक टोक गेलं. ते त्याला दिसलं. 'थांबा' म्हणायला तोंड उघडावं असं त्याला वाटलंही. पण मघाचं हसणं अजून त्याच्या कानात होतं. चुन्याची रेघ म्हटलं असतं तर ते पुन्हा हसले असते. ब्रश पुन्हा फिरला आणि पंप कोऱ्या पाटीसारखा स्वच्छ झाला.

दांड्या बदलून, मोजून-तपासून पंप परत द्यायला पोळा उलटून गेला. देताना मिस्त्रीनं विचारलं, "निशान लगाया है ना? छेनी से?"

"हौ," वारलू म्हणाला.

परतीच्या गाडीत त्यानं स्वतःची समजूत घातली. इंजिनावरची अर्धी रेघ तर आहे. पंप धरून पाहिला होता, बोटाला आठवत असेल. अर्ध्या रेघेवरून उरलेली अर्धी काढता येते. चंद्र अर्धा असला तरी पुरा कुठं असेल ते दिसतंच. असं म्हणत म्हणत तो झोपी गेला, आणि स्वप्नात सगळ्या झाडांच्या बुंध्यांवर पांढऱ्या रेघा होत्या आणि तो त्या पुसत चालला होता.

नदीवर पोचल्याबरोबर तो पाणीही न पिता ट्रॅक्टरपाशी गेला. ट्रॅक्टर लालबुंद चमकत होता. कुशीवर हळदीचे हात उमटले होते. रेघ नव्हती.

"इथी पांढरी रेघ होती," तो म्हणाला.

मनकर्णा तांब्या घेऊन उभी होती. तिच्या लगेच ध्यानात आलं नाही, आणि आलं तेव्हा तांब्यातलं पाणी तिच्या पायावर सांडलं.

"ते बगळ्याचं नवतं?" तिनं विचारलं.

वारलूनं लुगड्याची गाठ सोडली. त्यानं पंप बसवला, अंदाजानं नट आवळले, हवा काढली आणि हँडल मारलं. ट्रॅक्टर चालू झाला, पण आत कोणीतरी घण घालत असल्यासारखा आपटू लागला. त्यानं घाईनं बंद केला. पंप जरा दुसरीकडे सरकवला. आता आपटणं गेलं, पण पांढऱ्या धुराचा लोट उठला, इंजिन रडल्यासारखं फिरलं, आणि पाण्याची मशीन नुसती गरगरली. पाणी पाटाच्या तोंडाशी येऊन परत खाली गेलं.

तेवढ्यात गुणवंतराव चार गड्यांसह आले. रेघ पुसल्याचं त्यांनी वारलूच्या तोंडून काढून घेतलं. त्यांनी हळदीचे हात बघितले आणि हसायला सुरुवात केली. आज हसायची पाळी त्यांची होती आणि ती त्यांनी पुरेपूर घेतली. यंत्राला पुरणपोळी घातली का, विचारलं. शेपूट कुठं रंगवली, विचारलं. गडी हसून लोळत होते. मनकर्णा पदराचं टोक बोटाला गुंडाळत, पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उभी होती. वारलू नट पुसत होता. पुसण्यासारखं काही नव्हतं तरी पुसत होता.

"उद्या संध्याकाळी ठेकेदार येते," जाताना मालक म्हणाले. "तवरिक बायकोले म्हना, अंगारा लावून पाह्य."

ते गेल्यावर मनकर्णानं भात टाकला. दोघं जेवायला बसले तेव्हा नदीवर अजून उजेड होता. पाण्यावरून लव्हाळ्याचा बारीक वास येत होता, आणि आभाळाचा रंग धुतलेल्या तांदळासारखा झाला होता. वारलूनं घास उचलला आणि परत ठेवला.

"अर्धी रेघ तुया हातानं गेली," तो म्हणाला. "अर्धी माह्या डोयासमोर गेली. नागपूरले. मिस्त्री पुसून राह्यला होता आन् मी पाहून राह्यलो होतो."

"मंग बोलले काऊन नाई?"

"लाज वाटली."

मनकर्णाला राग आला होता, अगदी खरा राग. रेघेचा नव्हे. लोक तिला हसत होते तेव्हा हे त्याच्या पोटात होतं आणि तो नट पुसत होता, याचा.

"मालकापुढं हे सांगाचं होतं," ती म्हणाली. "मी एकटी उभी होती तवा."

"हौ," वारलू म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यानं लपवलं नाही. तिनं ते बघितलं, त्याचं ताट ओढून त्यात वरण वाढलं आणि म्हणाली, की जेवा, उपाशी माणसाच्या हातून हँडल फिरत नाही.

सकाळी नदीवर धुकं होतं. ट्रॅक्टर, येन, झोपडी, सगळं त्यात अर्धं अर्धं उरलं होतं. वारलू पान्हा घेऊन बसला होता, पण त्याचे हात चालत नव्हते. मनकर्णा मागं येऊन उभी राहिली.

"काल दोन डाव चालू केला न तुमी, तवा त्याचा आवाज तसा नवता," ती म्हणाली.

"मले माईत हाय."

"तुमाले इथूनचा माईत हाय. कानाजवळचा. मले तिकडचा माईत हाय." तिनं शेवटच्या बांधीकडे हात केला. "इथी नुसता हल्लागुल्ला होते. तिथी ऐकू येते. मी तिथी जाऊन बसतो. तुमी सरकवा आन् चालू करा. बरोबर आला का मी हात वर करन."

वारलूनं तिच्याकडे बघितलं. हे हसण्यासारखं आहे की नाही हे त्याला ठरवता येईना. मग त्याला गाडीतली म्हातारी आठवली, परातीतले रंग आठवले, आणि हसण्याचा विचार त्यानं सोडून दिला.

"जा," तो म्हणाला.

ती पाटाकाठानं चालत गेली. धुक्यात तिचं हिरवं लुगडं आधी राखाडी झालं, मग दिसेनासं झालं. ऊन वर आलं तेव्हा ती परत दिसली, पार शेवटी, धुऱ्यावर, एखाद्या बुजगावण्याएवढी.

वारलूनं नट सैल केले, पंप केसभर सरकवला, आवळले. हँडल मारलं. इंजिन आपटलं. त्यानं दूर बघितलं. हात वर झाला नाही. बंद केलं, सरकवलं, आवळलं, हँडल. धूर. हात नाही. पुन्हा. प्रत्येक वेळी नळ्यांतली हवा, प्रत्येक वेळी हँडलचा झटका खांद्यापर्यंत. तळहाताचे फोड फुटले आणि हँडलला रक्त लागलं. एकदा त्याच्या कानाला अगदी बरोबर वाटलं, आनंदानं त्यानं मान वर केली, तर ती तशीच बसलेली. त्याला तिचा संताप आला. ऐकतेय की झोपलीय? तरीही त्यानं बंद केलं, कारण तसं ठरलं होतं.

ऊन डोक्यावर आलं. येनावरचे बगळे केव्हाच उडून गेले होते. वारलूचे हात आता त्याला न विचारता काम करत होते. तहान, ऊन, डिझेलचा वास, सगळं एकत्र होऊन त्याच्याभोवती मंद फिरत होतं. त्यानं पंपाला तळहात लावला आणि दाबला देखील नाही, नुसता टेकवला. पंप किती हलला, हलला की नाही, ते त्यालाही सांगता आलं नसतं. नट आवळले. हँडल मारलं.

धक धक धक धक.

त्याला काही फरक वाटला नाही. त्यानं दूर बघितलं. धुऱ्यावर ती उठून उभी राहिली होती. मान थोडी वाकडी, कोणी हाक मारल्यावर कोण ते ओळखताना करतात तशी. मग तिचा एक हात वर गेला. मग दुसराही.

पट्टा चढवला. मशीन फिरली, डोहातून पाणी उचललं गेलं, पाटाच्या तोंडाशी थबकलं आणि वर चढलं. वारलू पाण्याबरोबर चालू लागला. पाणी मालकाच्या पहिल्या बांधीत शिरलं, भेगांमधून बुडबुडे वर आले, बेडूक कुठून तरी निघाले. तो चालत राहिला. त्याच्या मागं इंजिन हळूहळू लांब गेलं, आणि निम्म्या वाटेवर त्याला तो आवाज पहिल्यांदा ऐकू आला, मनकर्णाच्या ओळखीचा, मंद झालेला, धानावरून येणारा. एवढी वर्षं तो इंजिनाच्या शेजारी बसून बहिरा झाला होता आणि हे त्याला ठाऊकच नव्हतं. तो पाटातच खाली बसला. मन भरून आलं त्याचं. पाणी त्याच्या मांड्यांना वळसा घालून पुढं गेलं.

संध्याकाळी ठेकेदार आला, तेव्हा मालकाच्या बांध्या भरून पाणी पुढं चाललं होतं. गुणवंतराव धुऱ्यावर उभे राहून पाण्याकडे बघत होते. ठेकेदाराला त्यांनी चहा पाजला आणि म्हणाले, की यंदा राहू द्या, दिवाळीनंतर बघू. वारलूनं गड्यांच्या देखत त्यांना सांगितलं, की अर्धी रेघ आपण स्वतः नागपूरला घालवली होती, आणि आज ट्रॅक्टर चालू झाला तो मनकर्णाच्या कानानं. मालकांनी घसा खाकरला, छत्री उघडली, ऊन नसताना, आणि पाटाकाठानं निघून गेले.

वारलूनं इंजिन थोडा वेळ बंद केलं. छिन्नी आणि हातोडी काढली. जिथं पंप इंजिनाला टेकतो तिथं छिन्नी धरली आणि एक टोला मारला. अर्धी खाच पंपावर, अर्धी इंजिनावर. आता राखेनं घासा नाहीतर रॉकेलनं, ती जाणार नव्हती. टोल्याबरोबर मनकर्णानं डोळे मिटले होते.

"लागलं असन त्याले," ती म्हणाली.

वारलू आत गेला. आढ्याला टांगलेली दावी त्याच्या डोक्याला लागली. यावेळी तो थांबला, दाव्यावरून हात फिरवला, आणि कोनाड्यातली हळद-तेलाची वाटी घेऊन बाहेर आला. पळसाचं पान तोडलं, चुलीवर कोमट केलं. फुटलेल्या फोडांचा हात तेलात बुडवून त्यानं त्या खाचेवर हळद भरली आणि वरून पान टेकवलं, हलकंच. मग वाकून, तोंड अगदी जवळ नेऊन, म्हणाला:

"आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

"पोळा तं होऊन गेला," मनकर्णा म्हणाली.

"माहा राह्यला होता," वारलू म्हणाला, आणि हँडलला हात घातला. शेवटच्या बांधीत अजून पाणी पोचायचं होतं.